उसंत हे काय नाव झालं?

४ मार्च

नाही म्हणाल्या! सरळ नाही. पाळण्यावर मी चिकटवलेला कागद सासूबाईंनी काढला, चार तुकडे केले. "उसंत हे काय नाव झालं? शब्द आहे तो. माणसाला शब्द चिकटवू नये."

तोंड उघडलं असतं तर ओरडलेच असते, आणि ती नुकती झोपली होती.

५ मार्च

नवऱ्याला म्हटलं, तू तरी बोल आईंशी. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, घरात मात्र स्वतःच दोन मजल्यांच्या मधे अडकलेला! "दोघींचंही बरोबर आहे," म्हणे.

सात वर्षं. तीनदा पोट रिकामं झालं. सुया, गोळ्या, दिवस मोजणं. मग ती रडली — खणखणीत — आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घ्या आता उसंत!" आणि तिला माझ्या हातात दिलं. मी घेतली. तेव्हापासून तिचं नाव तेच आहे. ठेवायचं काय उरलंय?

७ मार्च

नणंद आली. शाळेत शिकवते, त्यामुळे तिला सगळं आधीच दिसतं. "बाई हजेरी घेणार — उसंत? मागच्या बाकावरून उत्तर येणार — नाही! रोज. दहा वर्षं." आणि स्वतःच हसत सुटली. मलाही हसू आलं, मेलं! सासूबाई हसल्या नाहीत. उठून आत गेल्या.

संध्याकाळी माझ्या कारखान्यातून सुपरवायझरचा फोन. "कॉलर शिवणाऱ्या बाईच्या मुलीचं नाव उसंत? अहो, इथे कुणी हा शब्द काढला तरी मी घड्याळ बघतो!"

सगळ्यांना विनोद सुचतायत.

१० मार्च

सासूबाईंशी भांडण. दार लावून, हळू आवाजात — ते जास्त वाईट.

"हे नाव ठेवलंस तर मी तिला हाक मारणार नाही. एकदासुद्धा नाही."

"नका मारू," म्हणून बसले.

११ मार्च

खरंच मारत नाहीत. न्हाऊ घालतात, अंग पुसतात, मांडीवर घेऊन बसतात — मुकाट्यानं.

१३ मार्च

नोंदणी कचेरीत गेलो, मी आणि सासूबाई. घर त्यांचं, म्हणून पत्त्याचा पुरावाही त्यांचाच लागतो. कागद पर्समध्ये घट्ट धरलेला, मला हात लावू देईनात. वाटलं, आयत्या वेळी अडवणार!

कारकून अर्ज बघून म्हणाला, "वसंत लिहायचंय का? पण इथे तर मुलगी लिहिलंय…" म्हटलं, उसंतच. बरं म्हणाला. मग सासूबाईंचा कागद उघडून मोठ्यानं वाचला. "पुरे." थांबला. "पुरे? हे नाव आहे तुमचं?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

सासूबाईंनी मान खाली घातली. एकाहत्तर वर्षांची बाई, आणि उभी अशी की जणू वर्गात शिक्षा झालीय.

नऊ वर्षं मी या घरात आहे. बाहेरचे सगळे त्यांना माई म्हणतात, मी आई. खरं नाव कधी विचारलंच नाही मी.

अर्ज परत मागून घेतला.

१४ मार्च

याला माहीत होतं! "तिनं शपथ घातली होती," म्हणाला.

दुपारी त्या आपणहून बोलल्या. दुपट्यांच्या घड्या घालत, माझ्याकडे न बघता. पाचवी मुलगी. बापानं दारातूनच पाहिलं आणि म्हणाला, पुरे. तेच कागदावर चढलं. "शाळेत बाई पुस्तक मिटताना म्हणायच्या, आज एवढं पुरे. अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा."

मी म्हटलं, "आई, तुमच्या वडिलांना मुलगी नको होती म्हणून त्यांनी ते ठेवलं. मला ही हवी होती हो. सात वर्षं हवी होती."

एक दुपटं उलगडून त्यांनी पुन्हा घडी घातली. "ते वर्गातल्या पोरांना कोण सांगणार? तू जाऊन बसणारेस तिच्याशेजारी?"

मी पुढचं दुपटं उचललं.

१५ मार्च

हरले. अर्ज फळीवर पडलाय, आमच्या दोघांच्या सह्यांसकट. उद्या उसंत खोडते आणि चारचौघींसारखं काहीतरी लिहिते. यालाही सांगितलं, त्यांनाही.

दिवसभर मीही तिला हाक मारली नाही.

१६ मार्च

फळीवर अर्ज नाही! सासूबाई सकाळीच एकट्या जाऊन देऊन आल्या. खाडाखोड नाही. उसंतच.

पोच माझ्या हातात दिली, आणि सोबत आणखी एक अर्ज. नाव बदलण्याचा. जुनं नाव त्यांनी स्वतः भरलंय. 'नवीन नाव' यापुढे जागा कोरी.

"तू सुचव," म्हणाल्या. "पण नीट विचार कर गं. मला अजून वापरायचंय."