बांधावरच्या चपला

एरंडोल, गुरुवार, १२ सप्टेंबर १९९१

दादाच्या चपला अजून केळीच्या बांधावरच आहेत. उचलायला हात पुढे होत नाही. बागेत लक्ष्मी असते, चपला बाहेरच काढायच्या, हा आमच्या वडिलांचा, आबांचा दंडक. पायाला विळा लागलेला, तरी दादा अनवाणीच साचलेल्या पाण्यात उतरला. डोळे पिवळे झाले तेव्हा आम्ही काविळीची माळ गळ्यात घातली आणि ती लांबली की कावीळ उतरते म्हणून वाट बघत बसलो. दवाखाना का नाही सुचला? गेलाच तो.

आज डॉक्टर म्हणाले, उंदरांच्या मुतानं पाणी नासतं, जखमेतून रोग शिरतो. संध्याकाळी आबा बांधावरून साऱ्या मजुरांना म्हणाले, "चपला घालीसन जा रे बठ्ठा."

आणि स्वतःच्या मात्र दादाच्या चपलांशेजारी काढून ते आत गेले.