थांबल्यानंतरचं तपासलंच नाही

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

"बोलू तं दे वं, मधातच काहून थांबवतं?" आई मला लहानपणी म्हणायची.

आज ते आठवलं. ऑफिसात मी ज्या डीबगरवर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनावर काम करते, तो चालता प्रोग्राम मध्येच थांबवतो. प्रोग्राम थांबला, की डीबगर तपासायला मी लिहिलेली चाचणी आपोआप ‘पास’ लिहिते. थांबलेला प्रोग्राम पुढे चालतो का, हे तपासायचं मी विसरलेच. आज तपासलं. चालत नाही.

गेल्या आठवड्यात हिवरखेडहून आईचा फोन होता. "डॉक्टरनं सांगतलं..." एवढंच बोलली आणि मी म्हटलं, "आई, मीटिंग आहे." ती थांबली. मला वाटलं, झालं. त्यानंतर दोनदा बोललो, पण फक्त मिरचीच्या तोडणीबद्दल. कशी विसरले मी?

"काही नाही वं," म्हणेल, माहीत आहे. तरी फोन लावते. आई, डॉक्टरनं काय सांगतलं, तेवढं सांग ना. मी मधात बोलणार नाही.