कायमचा पत्ता

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, हे आधी लिहून टाकते. बाबा ‘चार दिवस हवापालट’ म्हणून माझ्याकडे आले, ते अजून इथेच आहेत.

त्यांची घड्याळदुरुस्तीची वेबसाइट तुला ठाऊक आहेच. ती सांभाळणाऱ्या कंपनीने तिला नव्या साच्यात बसवलं आणि पानांचे पत्ते बदलले. तेव्हापासून लोकांच्या ईमेल येईनात. बाबा म्हणायचे, “विसरले लोक. चालायचंच.” जेवणावरून मन उडालं होतं त्यांचं.

शेवटी मी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. बघते तर काय, ओळीमागून ओळ ४०४! म्हणजे माणूस येतोय, सर्व्हर म्हणतोय ‘असं पान इथे नाही’, आणि तो आल्या पावली परत जातोय.

“बाबा, कुणी विसरलेलं नाही. लोक तुम्हाला शोधत येतायत.”

त्यांनी चष्मा पुसला. “अगं, मग दारावर पाटी लाव की, बिऱ्हाड हलवलंय म्हणून!”

ती पाटी म्हणजे ३०१: पान कायमचं हललंय, हा नवा पत्ता. ब्राउझर मग आपणहून तिकडे नेतो. तात्पुरतं हललं असेल तर ३०२. बाबांनी हे सगळं खोदून खोदून विचारलं. मग आम्ही शेजारी बसून एकेक पान वळवत गेलो.

‘घड्याळ दुरुस्तीला पाठवा’ हे पान आलं.

“हे कुठे वळवू?”

“कुठेच नको. गेलं म्हणावं, स्पष्ट.”

त्यालाही आकडा आहे, ४१०. पान होतं, आता नाही, पुन्हा शोधू नका.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला, उघड. दादा, त्या हाताची थरथर आता थांबतच नाही. तुला कळू द्यायचं नाही, अशी मला ताकीद होती. डॉक्टर म्हणालेत, यापुढे त्यांना एकटं ठेवू नका.

मी ४१० टाकलं. ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “आणि माझं काय केलंस? तीनशे दोन की तीनशे एक?”

मला हसूही आलं आणि रडूही.

“कायमचं, बाबा.”

त्यांनी खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, “तर मग हे टेबल खिडकीपाशी घे. इथे उजेड पडत नाही.”

घेतलं. आता ईमेल पुन्हा येतात. ते उत्तरं तोंडी सांगतात, मी टाइप करते. काल कुणाला तरी स्प्रिंग बसवायला शिकवताना गडी असा रंगला की चहा गारढोण झाला.

जुनं घर महिनाअखेरीस रिकामं करायचं आहे. हत्यारांच्या पेटीला त्यांनी मला हात लावू दिला नाही. “तो आला की त्यालाच देईन,” म्हणाले. आणि वर, “हे त्याला लिहू नकोस हं. उगाच धावत येईल.”

धावतच ये.

तुझी, त्यांचं कधीच न ऐकणारी,
धाकटी