प्यो सोल-हा हिच्या नावापुढील ‘जाणूनबुजून सामना सोडला’ हा शेरा काढण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
शिस्तपालन समिती,
दक्षिण किनारा युवा संगणक-क्रीडा मंडळ,
छांगवॉन.

दिनांक : १४ जानेवारी २०२५

विषय : खेळाडू कु. प्यो सोल-हा हिच्याविरुद्धचा निर्णय चुकीच्या तपासणी-दाखल्यावर आधारलेला असल्याने तिच्या नावापुढील शेरा काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : १) समितीचा दि. २४ मार्च २०२३ चा आदेश.
२) संगणकात दोष नसल्याचा दि. १६ मार्च २०२३ चा दाखला (देणार : अर्जदार स्वतः).

महोदय,

मी खाली सही करणार प्यो दोंग-उक, वय ५७, मासान येथील भुयारी बाजारात गेली एकतीस वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो. संदर्भ क्र. २ चा दाखला माझ्या हातचा आहे. तो चुकीचा आहे. हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहीत आहे, कारण पुढचे आपण वाचाल की नाही याची मला खात्री नाही.

१. दि. ११ मार्च २०२३ रोजी दुपारी मंडळाच्या निवड फेरीत माझी मुलगी सोल-हा, तेव्हा वय १९, आमच्या घरून खेळत होती. आपल्या नियमाप्रमाणे नोंदवलेल्याच संगणकावर खेळणे बंधनकारक होते. त्या दुपारी तीन सामन्यांत तीनदा तिचा संगणक मध्येच बंद पडला. तिन्ही वेळा तिचा संघ मागे होता. विरुद्ध संघाने तक्रार केली की हरायची वेळ आली की ही मुलगी स्वतःच मशीन बंद करते, म्हणजे सामना पुन्हा खेळवावा लागतो. समितीने पाच दिवसांत एखाद्या परवानाधारक कारागिराचा दाखला मागितला. घरात परवानाधारक, मंडळाच्याच तपासनिसांच्या यादीतला कारागीर होता.

२. सोल-हाने मला लक्षणे सांगितली होती, आणि ती नेमकी सांगितली होती. पडदा अचानक काळा होतो. पंखे जोरात ओरडू लागतात. आवाज मात्र दोन-तीन सेकंद येत राहतो, म्हणजे सोबत्यांचे बोलणे ऐकू येते पण काही करता येत नाही. मग मशीन आपोआप पुन्हा सुरू होते. साधी कामे करताना, गाणी ऐकताना, अभ्यासाचे लिहिताना काही होत नाही. खेळ सुरू करून चाळीस मिनिटे झाली की होते. कोणत्याही गिऱ्हाइकाने मला इतके चांगले वर्णन आजवर दिलेले नाही.

३. मी संगणक दुकानात नेला व तीन दिवस तपासला. मेमरीच्या पट्ट्या एकेक करून काढल्या, बदलल्या. वीजपुरवठ्याचा डबा बदलून पाहिला. तापमान मोजले. डिस्क तपासली. खेळापेक्षा दुप्पट ताण देणारी चाचणी सलग दहा-दहा तास चालवली. मशीन एकदाही बंद पडले नाही. शेजारच्या गाळ्यातले बे महाशय येता-जाता थट्टा करीत होते, “तुमच्या हाताखालून गेलेलं मशीन बिघडायची हिंमत करेल का?” मी हसत होतो, हे येथे नमूद करतो.

४. तिसऱ्या दिवशी सोल-हा दुकानात आली. आमच्यात जे बोलणे झाले ते मी शक्य तितके जसेच्या तसे देत आहे, कारण या प्रकरणातला खरा पुरावा तोच आहे.

ती म्हणाली, “अप्पा, दुकानात ते चालतंच हो. तुम्ही घरी या ना. माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसा. एक सामना पुरा होईपर्यंत बसा फक्त.”

मी म्हणालो, “तीन दिवस बसलोय याच्यापुढे. अजून किती बसू?”

“याच्यापुढे नाही. माझ्याजवळ.”

मी म्हणालो, “हे बघ सोल-हा, माणूस काहीही सांगतो. मशीन खोटं बोलत नाही.”

ती म्हणाली, “म्हणजे मी बोलते?”

महोदय, या प्रश्नाचे मी उत्तर दिले नाही. माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि मी एक स्क्रू पिळत राहिलो, जो आधीच घट्ट बसलेला होता.

५. त्याच दिवशी संध्याकाळी मी दाखला लिहिला : “सखोल तपासणी केली असता यंत्रात कोणताही दोष आढळला नाही.” माझी पत्नी ओक मी-रान हिने मला विचारले होते, “एवढं ‘दोष असू शकतो’ असं लिहिलंत तर काय बिघडेल?” मी तिला सांगितले की एकोणतीस वर्षांत मी खोटा कागद दिलेला नाही आणि पोटच्या पोरीसाठीही देणार नाही. हे सांगताना मला अभिमान वाटत होता. रात्री जेवणही व्यवस्थित गेले.

आपल्या आदेशातील हे वाक्य मला पाठ आहे : “खेळाडूचा सख्खा पिताच दोष नसल्याचे लिहून देतो, त्याअर्थी अधिक चौकशीची आवश्यकता नाही.” समितीला मी दोष देत नाही. समितीने माझ्यावर विश्वास ठेवला, जो माझ्या मुलीनेही ठेवला होता.

६. दोन वर्षांची बंदी झाली. ज्या संघाने तिला सराव छावणीत घेण्याचे कबूल केले होते त्यांनी नकार कळवला. सोल-हाने घरात आदळआपट केली नाही. मे महिन्यात एक दिवस तिने संगणकावरची धूळ पुसली, वायर गुंडाळून ठेवली आणि थोंगयोंगला निघून गेली. तेथे ती समुद्री शिंपल्यांतली कालवे सोलण्याच्या शेडमध्ये कामाला लागली. हंगाम नसतो तेव्हा तेथेच मासे निवडते. आईशी सणासुदीला बोलत असे. माझा फोन घेत नसे.

७. दोष कसा सापडला ते आता सांगतो. तो मी शोधलेला नाही.

माझ्या पत्नीने आयुष्यात कधी संगणकावर खेळ खेळला नव्हता. गेल्या शरद ऋतूत सोल-हा आईचेही फोन टाळू लागली, तेव्हा बाजारातल्या कुणा मुलीने हिला सांगितले की खेळात शिरून तेथे निरोप टाकला तर तिला दिसेल. ही सोल-हाच्या खोलीत जाऊन त्याच संगणकापुढे बसली, स्वतःचे खाते उघडले आणि “जेवलीस का?” असा निरोप टाकला. उत्तर आले नाही. खेळात राहिले तर मुलगी कधीतरी येईल या आशेने ही रोज दुपारी खेळू लागली. तिला खेळात धड चालता येत नसे, भिंतीवर आपटत असे, मरत असे. दहा-पंधरा मिनिटांत कंटाळून उठत असे. दि. २४ नोव्हेंबर रोजी मात्र ती उठली नाही, बराच वेळ खेळत राहिली.

त्या दुपारी तिचा मला दुकानात फोन आला. ती रडत होती. “अहो, पडदा काळा झाला. पंखे वेड्यासारखे ओरडले. आवाज मात्र येत राहिला. पोर म्हणाली होती तस्सं. अगदी तस्सं.”

८. मी गाळा उघडा टाकून घरी गेलो. वीस महिन्यांनी मी त्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. खेळ सुरू केला. एकेचाळीसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

दोषाचे कारण सांगायला दोन ओळी पुरतात. या संगणकात चित्र उमटवणारे ग्राफिक कार्ड वजनदार आहे, तीन पंख्यांचे. पेटी उभी ठेवली की ते एका टोकाला अडकून आडवे लोंबकळते. चार वर्षांत ते स्वतःच्या भाराने किंचित वाकले व त्यावरच्या एका चिपखालचा झाळ, म्हणजे धातूचा सांधा, बारीक तडकला. कार्ड तापले की तड उघडते, निवले की मिटते. आणि महोदय, आम्ही कारागीर पेटी टेबलावर आडवी पाडून काम करतो. आडव्या पेटीत कार्ड सरळ उभे राहते, त्याच्यावर भार येतच नाही. माझ्या टेबलावर तो संगणक तीन दिवस निर्दोष होता. माझ्या मुलीच्या खोलीत तो उभा होता. तो कसा ठेवलेला असतो, हे मी तिला विचारले नाही.

खात्रीसाठी मी पेटी आडवी केली. सहा तास चालली. उभी केली, अडतीस मिनिटांत बंद. मग जेवणाची लाकडी काडी बोटभर तोडून कार्डाखाली टेकण म्हणून लावली. पुन्हा सहा तास चालली. बोटभर काडी होती. एवढेच लागणार होते.

९. नवा दाखला व छायाचित्रे घेऊन मी दि. ८ डिसेंबर रोजी थोंगयोंगला गेलो. शेडमध्ये लांब टेबलाशी बायका उभ्याने कालवे सोलत होत्या. सोल-हा पाठमोरी होती. पलीकडची एक बाई ओरडली, “ए पळपुटे, ही टोपली संपव आणि मग पळ!” सगळ्या हसल्या. आपल्या संकेतस्थळावर तिचे नाव टाकले की सर्वांत आधी तो शेरा दिसतो. त्यावरून तेथे तिला हे नाव पडले आहे. तीही हसली. ती हसली हे मला सहन झाले नाही.

तिने मला पाहिले. हातमोजे काढले. “जेवलात का?” एवढेच विचारले. मी नाही म्हणालो. तिने मला शेजारच्या खानावळीत नेऊन कालवे घातलेला गरम रस्सा-भात समोर ठेवला व समोर बसून राहिली. मी कागद काढले, कार्ड, तड, आडवी पेटी, सगळे सांगितले. तिने छायाचित्रे बघितली नाहीत.

ती म्हणाली, “अप्पा, मशीन बिघडलंय हे मला माहीतच होतं. ते तुम्हाला कळावं म्हणून नव्हते मी आले दुकानात.”

मी विचारले, “मग?”

“मी विचारलं होतं, मी खोटं बोलते का. तेव्हा तुम्ही नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. दोष सापडला नसता तरी चाललं असतं मला.”

नंतर तिने आपले हात टेबलावर ठेवून दाखवले. थंडीने व सुरीने बोटे सुजलेली होती. ती रागाने बोलली नाही. म्हणाली, “आता तसा खेळ व्हायचा नाही, अप्पा. रस्सा निवतोय, खाऊन घ्या.”

मी खाल्ला.

१०. आपल्या कार्यालयात मी दोनदा दूरध्वनी केला. तेथील कर्मचाऱ्यांनी सौजन्याने सांगितले की फेरविचाराची मुदत तीस दिवसांची होती, आणि “काका, बंदी तर मार्चमध्ये आपोआप संपतेच आहे, कशाला त्रास घेता?” यावर माझे नम्र म्हणणे असे की बंदी संपते, शेरा संपत नाही. तसेच दोष मुदतीत सापडला नाही याचे कारण हे की शोधणारा मी होतो, सोल-हा नव्हे. तिने तर तो पहिल्याच दिवशी सांगितला होता. मागाहून मशीनमध्ये फेरफार केल्याची शंका असल्यास मी संगणक आपल्या कार्यालयात आणून उभा ठेवतो. कोणीही जाणकार बोलवा. आपण स्वतः चाळीस मिनिटे समोर बसावे, एवढीच विनंती आहे.

११. सबब, पुढीलप्रमाणे आदेश व्हावेत :

(अ) ‘जाणूनबुजून सामना सोडला’ हा शेरा काढून त्या जागी ‘यंत्रदोष. खेळाडूचे सांगणे खरे होते’ असे लिहावे. दुसरे वाक्य वगळू नये.

(आ) दि. १६ मार्च २०२३ चा माझा दाखला रद्द करून तपासनीस म्हणून मंडळाच्या यादीतून माझे नाव कमी करावे. याबाबत माझी हरकत नाही.

(इ) बंदीमुळे गेलेली संधी परत मिळावी अशी मागणी मी करीत नाही. ती कोणाच्या हातात नाही हे मला तिचे हात पाहून कळले आहे.

(ई) होणाऱ्या निर्णयाची प्रत मला पाठवू नये. सोबत जोडलेल्या थोंगयोंगच्या पत्त्यावर तिच्या नावे पाठवावी. पाकिटावर कोठेही माझा उल्लेख नसावा. माझे नाव असलेली पाकिटे ती उघडत नाही.

आपला नम्र व चुकलेला,

(सही)
प्यो दोंग-उक
संगणक दुरुस्ती, गाळा क्र. ४७,
भुयारी बाजार, मासान

सोबत :
१. दि. १६ मार्च २०२३ च्या दाखल्याची प्रत
२. नवा तपासणी अहवाल, चाचण्यांच्या वेळांसह
३. तडकलेल्या झाळाची छायाचित्रे (सहा)
४. श्रीमती ओक मी-रान यांचे लेखी निवेदन
५. कु. प्यो सोल-हा हिचा सध्याचा पत्ता