दुधाचेच दात

डिचोली,
१९ ऑगस्ट २०२५

सुविधावहिनी,

नमस्कार. बरी आहेस ना, असं विचारायला जीभ रेटत नाही, म्हणून आधी माझंच सांगते. लग्नाला साडेतीन महिने झाले तरी हे घर परकंच वाटतं. सासूबाई प्रेमळ आहेत, फक्त बोलून बोलून कान किटवतात. सकाळी पोदेर दारात पावाचे उंडे देऊन जातो. परवा एक चहात बुडवला आणि असाच भिजवून खाणारी तुझी गौरवी आठवली. तसाच टाकून दिला.

तू फोन उचलत नाहीस ते एका परीने बरंच. उचललास तर मी पावसापाण्याचं बोलून ठेवून देईन.

रविवारी पेडण्याला गेले होते. आई शेजारणींना सांगत होती, "तोंडात दुधाची बाटली दिवन ही कामाक जाय. चेडवाचे दात कुसले ते हिच्यामुळां." दादा खाली मान घालून बसला होता. तू पार्शाला माहेरी गेलीस ती परत यायचं नाव काढत नाहीस, 'माझ्यामुळेच पोर गेली' म्हणतेस, असं त्याने सांगितलं. मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले.

आता लिहिते. जानेवारीत बालवाडीतून एक कागद आला होता. तू कारखान्यात पहिल्या पाळीला गेली होतीस. दातांचे डॉक्टर येऊन मुलांच्या किडक्या दातांना चांदीचं औषध लावणार होते. कीड करणारे जंतू त्याने मरतात, दुखत नाही, दात कोरावा लागत नाही. खाली लिहिलं होतं, किडलेला भाग कायमचा काळा पडेल. आईवडिलांची सही हवी.

गौरवी माझी करवली होती. सात स्थळांनी नाकारल्यावर चौतिसाव्या वर्षी माझं जमलं होतं गं. करवलीचे पुढचे दात काळे दिसले तर पाहुणे काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. तिने विचारलंही, "आते, माजे दात काळे जातले गो?"

"जावचे नाय. मी आसंय ना."

कागदावर 'नको' लिहिलं आणि खाली तुझ्या नावाची सही केली. दुधाचेच दात, पडतील आणि नवे येतील, अशी मनाची समजूत घातली. संध्याकाळी तू विचारलंस, बालवाडीतून काही आलंय का? मी नाही म्हटलं.

लग्नाच्या एकाही फोटोत ती हसलेली नाही. गाल धरून उभी आहे. जूनमध्ये हनुवटीखाली सूज आली, श्वास कोंडला, आणि तिसऱ्या दिवशी इस्पितळातून तिला कशी घरी आणली ते तुला काय सांगू?

औषध लावलं असतं तर वाचली असती का, असं इथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही. पण लावायला हवं होतं." तेवढं मला पुरे झालं.

यांना काल सगळं सांगितलं. भरल्या ताटावरून उठले. येत्या रविवारी आईसमोर, दादासमोर, त्याच शेजारणींसमोर सांगणार आहे. माफी मागत नाही, तू देऊही नकोस. फक्त स्वतःला दोष देणं थांबव.

तुला विचारलं असतं तर तू लावा म्हणाली असतीस. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही.

तुझ्या नावाची सही करणारी,
शेवंती