आक्काच्या वहीचं उजवं पान

प्रिय आक्का,

तू गेल्यापासून तीनदा कागद घेतला. तिन्ही वेळा पहिल्याच ओळीत खाडाखोड झाली म्हणून ठेवून दिला. तू मला उगाच मास्तर म्हणायची नाहीस! आज मात्र लिहायलाच हवं. उद्या मला एक उत्तर द्यायचं आहे.

काकांची श्रुती पत्रकारितेची पदवी घेऊन बसली आहे. तिला आता तुझ्यासारखंच लॉ करायचंय. प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. काका काल येऊन म्हणाले, "तू कोर्टासमोर टायपिंग करतोस, तुला ठावं हाय. आक्कानं दोन्ही शिकून काय मिळवलं, खरं सांग. तू न्हाय म्हणालास तर विषय संपला." दहावीत अडकलेल्या माणसाला विचारतात, बघ!

श्रुती दारात उभी होती.

तू आधी पेपरात लागलीस. आठवतं, आप्पांनी सरकारची जमीन घ्यायची नोटीस परत पाठवली ती? "कन्नडात हाय, घेणार न्हाय. मराठीत आणा!" शिपायाला अंगणातूनच वळवलं. सगळी गल्ली खूश. तूही ती बातमी किती अभिमानानं लिहिलीस! मग वकिलांनी सांगितलं, नाकारलेली नोटीस पोचलीच असं धरतात. तोवर हरकतीची मुदत संपली होती. विहिरीकडचा तुकडा गेला.

त्या दिवशी तू जेवली नाहीस. "मी आप्पांचं म्हणणं छापलं रं, कागद वाचलाच न्हाय," म्हणालीस. पुढच्याच वर्षी लॉला नाव घातलंस.

तेव्हापासून तुझ्या वहीत डावीकडे माणूस काय म्हणतो आणि उजवीकडे कागद काय म्हणतो. दोन्ही पानं भरल्याशिवाय तू ना बातमी दिलीस, ना दावा घातलास.

वकिलीची सनद घेताना पेपरातली पगारी नोकरी सोडावी लागली. दोन्ही एकत्र चालत नाहीत, हे आम्हाला कुठे माहीत! आप्पा म्हणाले, "एका पायात चप्पल, एका पायात बूट. चालणार कशी गं?"

"लंगडत, आप्पा. पण पोचणार की!" तू हसलीस.

आणि मी? त्या पहिल्या वर्षी अशील येत नव्हते. तुझाच मजकूर टाईप करता करता बोलून गेलो, "दोन दोन पदव्या घेतल्यास, एकात तरी धड हो." तू वहीत काहीतरी लिहिलंस आणि पुढचा कागद माझ्यासमोर ठेवलास. रागवायचंस तरी! आजारपणातही ते कधी काढलं नाहीस.

आज सकाळी ती वही उघडली. डाव्या पानावर तुझं अक्षर : "भाऊ म्हणतो, एकात तरी धड हो." उजवं पान कोरं.

का गं कोरं ठेवलंस? उत्तर नव्हतं, की माझ्यासाठी सोडलंस?

तेच भरायला बसलोय. कागद सगळे मीच टाईप केलेत. सदलग्याच्या आजींचा पेन्शनचा अर्ज, त्यांना मराठीत वाचून दाखवल्याशिवाय तू ज्यावर सही घेतली नाहीस तो. शहापूरच्या विणकरांना भाडेकरार समजावणारं तुझं रविवारचं सदर. मानहानीचा दावा होईल का, हे तपासायला पेपरवाले तुझ्याकडे पाठवायचे त्या बातम्या. तुझ्याबरोबर शिकलेली एक जण कोर्टाच्या बातम्या देते, दुसरा एक जण कंपनीत करार तपासतो, तेही लिहिलं. कॉलेजात शिकवायचं तुझं राहून गेलं, आणि सुरुवातीची वर्षं फार कठीण गेली, हेही लिहिलं. तू लपवू दिलं नसतंस.

मी मोठ्यानं वाचत लिहीत होतो, आप्पा शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "एक राहिलं. परवा पुन्हा नोटीस आली. मी घेतली. श्रुतीकडनं वाचून घेतली, हरकत लिहून सही केली. आक्कानं शिकवलंतं. लिही की हे बी."

लिहिलं, आक्का. पान भरलं. तुझी माफी कुठल्या पानावर मागायची, तेवढं कळलं नाही.

उद्या काकांसमोर दोन्ही पानं मोठ्यानं वाचीन. मग वही श्रुतीच्या हातात देईन आणि तिच्याबरोबर कॉलेजात जाईन. तिच्या अर्जात एकही चूक राहू देणार नाही, हा माझा शब्द.

तुझा,
मास्तर