फाटकाचं एक पान

४ मार्च
निश्चय झाला. गावाबाहेरच्या जुन्या बंगल्याचं लोखंडी फाटक वाचवायचं! वेली, कळ्या, टपोरी फुलं, सगळं हातोड्याने घडवलेलं. आणि उजव्या दारावर, कडीच्या बरोबर वर, एक पान गायब! कलेच्या छातीला भोक, आणि समाज घोरतोय. मालक परदेशात. व्यवस्थापकाने फाटक कायम बंद ठेवलंय, वर पाटी: परवानगीशिवाय आत येऊ नये. म्हणजे कलेवरही अन्याय, जनतेवरही.
हे सगळं संध्याकाळी त्याच बंगल्याच्या बागेत नेहमीची फेरी मारताना सुचलं.

५ मार्च
हिला सांगितलं. वाटलं, ओवाळेल. ही म्हणाली, जगात इतकी अन्यायाची ठिकाणं आहेत, त्या पानाच्या वाटेला जाऊ नका. मग शर्टाच्या उजव्या बाहीवरचा गंज नाकासमोर धरून म्हणाली, हा कुठून येतो, कधी विचार केलात? केला. चळवळीत कपडे मळायचेच.
नंतर ती सासूबाईंचा डबा घेऊन गेली. सासूबाई बागेच्या पलीकडे राहतात, गुडघ्यांमुळे स्वयंपाक होत नाही. बागेतून गेलं की डबा गरम पोहोचतो. डोंगराच्या रस्त्याने गेलं तर माणूसच गार पडेल.

९ मार्च
'फाटक बचाव समिती'ची पहिली मीटिंग, आमच्या ओसरीवर. अध्यक्ष मी. चिटणीस म्हणून मेहुण्याला घेतलं, घरचा माणूस दगा देत नाही. खजिनदार पोस्टमास्तर, रिटायर्ड. मी सुरुवातीचे चार शब्द बोललो. चहा दोनदा झाला. मेहुण्याने तीनदा हात वर केला, पण ओघ तोडणं बरं नव्हे.
एक गोष्ट पाहून मात्र ऊर भरून आला. जमलेल्या प्रत्येकाच्या उजव्या बाहीवर तोच गंजाचा डाग! लोक जाता-येता त्या फाटकाला मिठी मारत असावेत. जनता मूक असते, आंधळी नसते!

१२ मार्च
सह्यांची मोहीम. एकही सही नाही. औषधवाला म्हणाला, पेन नाही. खिशात तीन पेनं होती. दूधवाला म्हणाला, साहेब, तुम्ही माझ्या पोटावर का उठलात? मी त्याच्या पोटाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. हिने तर कागदाकडे पाहिलंही नाही. स्वतःच्या घरात मी अल्पमतात आहे.

१३ मार्च
मेहुण्याने मला रस्त्यात गाठलं आणि तोंडात पेढा कोंबला. मी चघळतोय तोवर भडाभडा बोलून घेतलं. म्हणाला, भाऊजी, त्या पानाच्या भोकातूनच तर सगळे हात घालून आतली कडी काढतात. दूधवाला, पोस्टमास्तर, ताई, सगळे. रखवालदार डोळे मिटून घेतो. पान बसवलंत की गावाची वाट बंद आणि आईचा डबाही बंद.
पेढा घशातच अडकला. म्हणजे ही मिठी नव्हती! सगळं गाव कलेच्या जखमेत हात घालत होतं! आणि माझी बायकोसुद्धा!
त्याने विचारलं, मग तुम्ही रोज आत कसे जाता? हा वैयक्तिक हल्ला झाला. मी फाटकाशी पोहोचतो तेव्हा डोक्यात भाषण चालू असतं. हात काय करतो इकडे लक्ष नसतं.

१५ मार्च
हिला स्पष्ट सांगितलं: चोरवाट नको, राजमार्ग हवा! फाटक पूर्ण झालं की व्यवस्थापक लाजेने ते सताड उघडेल. कला माणसाला उदार करते. ही म्हणाली, त्याने उघडायचं कबूल केलंय का? मी म्हटलं, अशा गोष्टी कबूल करून घ्यायच्या नसतात, त्या घडतात. ही म्हणाली, देवाने तुम्हाला एक तोंड आणि दोन कान दिले, पण हिशेब तुम्ही उलटा लावलात. टाळ्या मिळाल्या असत्या अशा वाक्यावर. ओसरीत कोणी नव्हतं म्हणून बरं.

१८ मार्च
व्यवस्थापकाची भेट. पाऊण तास बोललो. विजय! त्याने हात जोडले. म्हणाला, हे भोक म्हणजे माझी कित्येक वर्षांची डोकेदुखी होती, गावाच्या भीतीने हात लावत नव्हतो, आता गावच मागणी करतंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. बहुतेक हसल्यामुळे, पण वक्तृत्वाने माणूस मोकळा होतो.
उघडण्याचा विषय काढणार होतो. समारोप रंगला आणि राहून गेला.

२० मार्च
पोस्टमास्तरांचा राजीनामा. मेहुण्याचाही. दोघांनी एकाच कागदावर लिहिला, कागद वाचवायला म्हणे. फितुरी! इतिहासात किल्ले आतूनच पडले. समितीत आता मी आहे. निर्णय भराभर होतात.

२ एप्रिल
लोहाराने पान घडवलं. मोजमाप चुकल्याने दुसऱ्यांदा घडवावं लागलं. तो म्हणाला, साहेब, अजून विचार करा, माझी बहीणपण त्याच वाटेने येते. मी म्हटलं, घण मार!

६ एप्रिल
उद्घाटन. पान बसलं. काय देखणं! शिरा न् शिरा जिवंत. मी 'बंद दारांचा काळ संपला' या विषयावर बोललो. समोर व्यवस्थापक, लोहार, रखवालदार. गाव आलं नाही. ही आली नाही. ती सकाळीच डबा घेऊन डोंगराच्या रस्त्याने निघाली होती.
व्यवस्थापकाने मला हार घातला, आभार मानले, आत गेला आणि कडी लावली. मी बाहेर उभा होतो. समारंभाचाच भाग असेल.

१० एप्रिल
फाटक बंदच. व्यवस्थापकाला निरोप धाडला. उत्तर आलं, आपल्याच प्रयत्नांनी बंदोबस्त पक्का झाला, ऋणी आहे. विश्वासघात! कोणाकोणाचा म्हणून राग धरू? दूधवाला आमच्याकडे दूध टाकत नाही. ही बोलत नाही. पाय चेपत बसते, स्वतःचेच.

१२ एप्रिल, दुपारी
हिचा पाय मुरगळला. डबा माझ्या हातात दिला.
निघालो. डोक्यात नवं भाषण जुळत होतं, कृतघ्नतेवर. मधेच बोटं कशावर तरी आपटली. बघतो तर फाटकासमोर उभा, उजवा हात पुढे. पान होतं. कड धारदार आहे, लोहाराने काम चोख केलंय.
पलीकडे रखवालदार खुर्चीत. हाक मारली, मैदानाला पुरेल अशी. त्याने एक डोळा उघडला. म्हणाला, उद्घाटनाचं भाषण झकास झालं साहेब, पण हुकूम आहे. डोळा मिटला.
डोंगराच्या रस्त्याने गेलो. सासूबाईंनी झाकण काढलं, बोट लावून पाहिलं आणि तसंच जेवायला बसल्या.
शर्टाची बाही स्वच्छ आहे.